पुंगळीतला राळेचा वास

१

टॅन्सी मेलेली मला आधी दिसलीच नाही. आधी दिसली ती घंटा.

पांढरी घोडी, पांढरं धुकं, आणि ओल्या गवतात पितळ तेवढं पिवळं. जवळ गेलो तेव्हा धुक्याला पाठ फुटली, मान फुटली, आयाळ फुटली. मानेवर हात ठेवला. अजून कोमट होती, चूल विझल्यावर चुलीचा दगड असतो तशी. डाव्या कानाखाली बोराच्या बीएवढं भोक होतं आणि त्यातून निघालेला एकच ओघळ, गवताच्या पात्याइतका बारीक.

टॅन्सी आमची घंटेवाली. आयडाहोच्या या डोंगरांत ओझ्याची खेचरं माणसाचं ऐकत नाहीत, चाबकाचंही ऐकत नाहीत. ती एका घोडीच्या गळ्यातली घंटा ऐकतात. ती चरेल तिथे चरायचं, ती थांबेल तिथे डुलकी घ्यायची, ती निघाली की एकामागे एक निघायचं. आम्ही खेचरवाले चढावर दम टिकावा म्हणून गुणगुणायचो:

*घंटा वाजे पुढे, घंटा वाजे गं,*
*मागे नऊ सावल्या, धुकं साजे गं;*
*कुठे नेशी बाई, नदीपार गं,*
*जिथे संपे वाट, तिथे दार गं.*

नऊ खेचरं कुरणाच्या वरच्या अंगाला उभी होती. कान टवकारलेले, तोंडात अर्धवट गवत. ती घंटेची वाट पाहत होती.

घंटा त्या सकाळी वाजली नव्हती. का वाजली नव्हती ते सगळ्या तळावर मला एकट्याला ठाऊक होतं. मी मागे वळून पाहिलं, घंटेत दोन बोटं घातली आणि आत जे कोंबलेलं होतं ते उपसून खिशात टाकलं.

मग हाक मारली.

२

ऑक्टोबर संपत आला होता. एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणांच्या, शिकारीचा हंगाम शेवटच्या आठवड्यावर आलेला, आणि तळावर आम्ही पाचच माणसं.

तळ विली आत्याचा. विल्हेमिना ट्रास्क, वय त्रेसष्ट, नवरा एसा वारल्यापासून अकरा वर्षं एकटीने शिकाऱ्यांना डोंगर दाखवणारी. आमच्यातला तिचा खरा भाचा एकच, रॉइस. पण खोऱ्यातली सगळीच तिला आत्या म्हणायची. एसाची जुनी रायफल तिच्या खांद्याला, एसाची टोपी डोक्यावर, आणि टोपीच्या पट्ट्यात पाइनच्या राळेने भरलेल्या ओल्या काड्या खोचलेल्या. चूल पेटवायला, दात कोरायला, खिळा नसेल तिथे खिळा म्हणून, त्या काड्या सगळ्याला चालायच्या.

माझी हाक ऐकून ती आली ती टॅन्सीच्या अंगावर पाय पडेपर्यंत आली. मग खाली बसली आणि घोडीचं नाक, डोळे, कान हाताने चाचपत राहिली.

"एसाने हिला शिंगरू असताना उचलून नदी पार केली होती," ती म्हणाली. "ऑर्व्ह, कुठे लागलंय हिला?"

"कानाखाली, आत्या. बारीक गोळी आहे."

बारीक गोळी म्हटल्यावर रॉइस आणि शिकारीला आलेले पाहुणे डॉक्टर फेनविक, दोघांनीही एकदम बेन्यातकडे पाहिलं. रायफलीची गोळी घोडीचं अर्धं डोकं घेऊन गेली असती. पिस्तूल तळावर एकच होतं, आमच्या आचाऱ्याचं.

बेन्यात स्पेनकडच्या बास्क मुलखातला. सतराव्या वर्षी इथे मेंढ्या राखायला आला, मेंढ्या संपल्या तसा विली आत्याच्या चुलीशी आला. आता एकाहत्तर वर्षांचा होता. पाय मोडलेल्या मेंढीला सोडवायला ठेवलेलं पिस्तूल त्याने अजून तेलपाणी करून पिठाच्या पेटीत जपलं होतं. आणि टॅन्सीशी त्याचं वैर जगजाहीर. पाव फुगवायचं त्याचं आंबवणाचं मडकं ती दोनदा चाटून गेली होती. "एक दिवस हिला गोळी घालीन," हे तो रोज म्हणायचा आणि रोज तिला पावाचा करपलेला तुकडा द्यायचा.

कुणी काही विचारायच्या आत बेन्यातने हात एप्रनला पुसले.

"मीच मारली," तो म्हणाला. "कानाला पिस्तूल लावलं आणि मारली. मडक्याला तोंड घालत होती."

विली आत्याने मान वर केली. ती बेन्यातकडे पाहत होती, पण जरा बाजूला, जिथून त्याचा आवाज आला तिथे.

"तू?" ती म्हणाली. एवढंच.

३

दुसऱ्याचं जनावर मारणं हा आमच्याकडे तुरुंगाचा मामला. शेजारच्या तळावर शिकारीचे परवाने तपासायला वॉर्डन आयव्हर स्टेनरूड आलेला होता. रॉइस घोडा पिटाळत गेला आणि दुपार व्हायच्या आत त्याला घेऊन आला.

आयव्हर म्हणजे उंच, वाकलेला, झोपाळू डोळ्यांचा माणूस. बोलणाऱ्याकडे न बघता ऐकायचा. प्रत्येक गोष्ट आधी हुंगून बघायचा. मांस केव्हाचं, राख केव्हाची, ते नाकाने सांगायचा. पोरं त्याला अस्वल म्हणायची, त्याला ते माहीत होतं.

त्याने टॅन्सीचा कान हुंगला. मग घंटा हुंगली. मग चुलीशी येऊन कॉफी मागितली.

"बेन्यात, खाली यावं लागेल तुला माझ्याबरोबर. शेरीफकडे."

"चल की."

"परत वर यायला मिळणार नाही. या वयात तुरुंग नाही, पण तुझ्या मुलीकडे शहरात ठेवतील. खिडकीतून रस्ता दिसेल."

बेन्यातचा हात पिठात थांबला. त्या चुलीपासून शंभर पावलांवर, झऱ्याकाठी, त्याने स्वतःला पुरण्यासाठी दोन पाइनच्या मधली जागा राखून ठेवली होती. आम्हा सगळ्यांना ती माहीत होती. तिथे कुणी लाकूडसुद्धा तोडायचं नाही.

"रस्ताही चांगला असतो," तो म्हणाला आणि कणीक मळायला लागला.

आयव्हरने मग आम्हाला एकेक करून लाकडांच्या राशीपाशी बोलावलं. मला म्हणाला, "तू थांब इथेच. खेचरांचं काही विचारायचं झालं तर लागशील."

रॉइस आला तो पाय आपटत.

"बघ आयव्हर, मी सरळ सांगतो. घोडी गेली ते बरंच झालं. सगळ्या खोऱ्यात विमानं उतरायला लागलीत. नदीकाठी पट्टी सपाट केली की अर्ध्या तासात पाहुणे वर. आत्या मात्र गाढवांच्या वराती काढतेय."

"खेचरांच्या," मी म्हणालो.

"ऑर्व्ह, तू आणि तुझी खेचरं लग्न करा एकदा."

"सकाळी कुठे होतास?" आयव्हरने विचारलं.

"झोपलो होतो. आणि त्या म्हाताऱ्याने कबूल केलंय, मग मला काय विचारतोस?"

"कबूल कुणीही करतं. आवाज ऐकलास?"

रॉइसने डोकं खाजवलं. "नाही बुवा. कसलाच नाही."

डॉक्टर फेनविक दातांचे डॉक्टर. स्पोकेन शहराहून आलेले, सगळं सामान नवं कोरं, बुटांचीसुद्धा घडी मोडलेली नाही. ते बसले आणि स्वतःहूनच बोलायला लागले.

"हे बघा वॉर्डन, घंटेबद्दल मी कुरकुर केली, ते खरं आहे. सारखं टण् टण्. झोप नाही, एल्क नाही. पण कुरकुर करणं वेगळं. मी दात उपटतो ते भूल देऊन."

"आवाज?"

"पहाटे कुणीतरी टाळी वाजवल्यासारखं झालं. एकच टाळी. मला वाटलं, आचारी पिठाचे हात झटकतोय."

आयव्हरचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले.

"एक टाळी," तो हळूच म्हणाला. "ऑर्व्हिल, चल, कुरणात जाऊ. आणि जाताना तुझ्या खिशात काय आहे ते सांग."

४

धुकं आता गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. आम्ही त्यातून चाललो होतो की वरून तरंगत होतो ते सांगता येत नव्हतं.

मी खिशातून शेवाळ काढलं. हिरवं, ओलं, मूठभर.

"घंटेच्या लोलकाला झऱ्याच्या शेवाळाचा वास होता," आयव्हर म्हणाला. "कुरणात शेवाळ उगवत नाही."

"मीच कोंबलं. काल संध्याकाळी," मी म्हणालो. "डॉक्टर हात जोडत होते, एक रात्र झोपू दे म्हणून. वरच्या कड्यावर एल्क ओरडत होता. म्हटलं, एक रात्र घंटा मुकी राहिली तर काय होतंय, उजाडायच्या आत काढू. मला जाग आली नाही."

"विलीला सांगितलंस?"

"नाही."

त्याने शेवाळ परत माझ्या खिशात सारलं आणि तो पुढे निघाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

टॅन्सीपासून पंचवीसएक पावलांवर एक खोड आडवं पडलेलं होतं. त्यावर पक्ष्याची ताजी शिट आणि एक करडं पीस होतं. खोडाच्या अलीकडे, आणखी पंधरा पावलांवर, गवत दबलेलं होतं, कुणी गुडघा टेकावा तसं. तिथे आयव्हर चारी पायांवर बसला आणि त्याने बोटाच्या पेराएवढी एक रिकामी पुंगळी उचलली. पिस्तुलाच्या काडतुसाची.

आधी अर्थातच हुंगली. मग माझ्यापुढे धरली.

"दारूचा वास," मी म्हणालो. मग परत हुंगली. "आणि राळेचा."

"आत बघ."

पुंगळीच्या आत, अगदी तळाला, सालीचा एक कपचा चिकटला होता. हिरवट, ओला.

"बेन्यात म्हणतो कानाला पिस्तूल लावलं," आयव्हर म्हणाला. "कानाचा एक केसही जळलेला नाही. पुंगळी इथे, घोडी तिथे. पिस्तूल पुंगळी थुंकतं ती दोन हातांवर, चाळीस पावलं नाही. आणि थुंकताना तिच्या काठाला त्याचं नख लागतं. या काठाला नखाची खूण आहे?"

काठ गुळगुळीत होता.

"ही थुंकलेली नाही. कुणीतरी काडी घालून ढकलून बाहेर काढलीय. आता सांग, ऑर्व्हिल, पिस्तुलाची गोळी पिस्तुलाशिवाय कशातून उडते?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं. इतका वेळ ते कुणालाच आठवलं नव्हतं, कारण ती वस्तू आमच्या लेखी हत्यारात मोडतच नव्हती. ती तव्या-पळीत मोडायची.

खोळ.

शिकारीच्या तळावर रोज ताजं मांस कुठून येणार? पाइनच्या रानात करड्या खुळ्या कोंबड्या असतात. माणूस जवळ गेला तरी उडायचं विसरतात, म्हणून खुळ्या. पण एल्कच्या रायफलीने कोंबडी मारली तर हाती पिसंच येतात, आणि आवाजाने सगळं खोरं रिकामं होतं. म्हणून पोलादाची एक खोळ. बाहेरून मोठ्या काडतुसाच्या मापाची, आतून छोट्याच्या. धाकट्या भावाने थोरल्याचा डगला घालून शाळेत जावं, तसं पिस्तुलाचं काडतूस त्या खोळीत बसून मोठ्या रायफलीत जातं. लांब नळीतून जाताना त्याचा आवाज विरतो, टाळीएवढा उरतो. कोंबडी भांड्यात, एल्क जागच्या जागी. मागून रिकामी पुंगळी खोळीत अडकून बसते, ती ढकलून काढावी लागते.

"तळावर खोळी कुणाकुणाकडे आहेत?" आयव्हरने विचारलं.

"रॉइसकडे. डॉक्टरांकडे, नवी, डबीसकट." मी थांबलो. "आणि..."

"आणि?"

माझ्या डोळ्यांपुढे टोपीचा पट्टा आला होता, आणि त्यात खोचलेल्या काड्या.

५

आयव्हरने दोघांना खोळी आणायला सांगितल्या. रॉइसची गंजलेली. पुंगळी काढायला तो टोपीत ठेवलेला खिळा वापरायचा. त्याच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या आत खिळ्याचे ओरखडेच ओरखडे. डॉक्टरांच्या डबीत पितळेची छोटी सळई होती, आणि सगळी काडतुसं अजून कागदात गुंडाळलेली.

"एकही उडवलं नाही?"

डॉक्टर लाल झाले. "ती कोंबडी माझ्याकडे बघत होती, वॉर्डन. मान तिरकी करून. माझ्या पेशंटसारखी."

मग आयव्हर चुलीशी गेला. "बेन्यात, तुझं पिस्तूल काढ. त्या बुंध्यावर एक बार टाक."

"कशाला? मी सांगितलं ना सगळं."

"माझ्यासाठी."

बेन्यातने पिठाच्या पेटीतून पिस्तूल काढलं. बार झाला आणि कड्याने तो परत फेकला, दुसऱ्या कड्याने झेलला, तिसऱ्याने. खेचरं उधळून झाडीत शिरली. पुंगळी उडून डॉक्टरांच्या बुटापाशी पडली, आणि तिच्या काठाला नखाचा चकचकीत ओरखडा होता.

असला आवाज पहाटे झाला असता तर मेलेली माणसंसुद्धा उठून बसली असती.

"चला," आयव्हर माझ्या आणि बेन्यातच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "झऱ्यापाशी चला."

तिथे, त्या दोन राखलेल्या पाइनच्या मधे, तो बुटांसकट बसला.

"उजाडायच्या आत तू पावासाठी उठतोस, बेन्यात. काय पाहिलंस?"

"काही नाही."

"मग मी सांगतो. तू टाळी ऐकलीस. थोड्या वेळाने विली कुरणाच्या बाजूने आली, रायफल खांद्याला, हात रिकामे. विलीचे हात रिकामे कधी नसतात. तिला विचारलंस तर ती काय म्हणाली?"

म्हाताऱ्याने पाण्यात हात घालून बोटांचं पीठ धुतलं.

"म्हणाली, झऱ्याकडे गेले होते, कोंबडी हुकली," तो शेवटी म्हणाला. "झऱ्याकडे. विजारीला मात्र कुरणातल्या गवताचं बी चिकटलेलं. वॉर्डन, तिला दिसत नाही. वसंतापासून दिसत नाही. कप ती हाताने शोधते, माणूस पावलांवरून ओळखते. कुरण कुठे, जनावरं कुठे, ते तिला घंटा सांगते. आज घंटा वाजली नाही. म्हणून तिला वाटलं, जनावरं कड्यापलीकडे आहेत. खोडावरची करडी कोंबडी तेवढी दिसली तिला, किंवा दिसल्यासारखी वाटली. मागची पांढरी घोडी कुठून दिसणार? धुक्यात तर मलाही दिसली नसती."

माझ्या खिशातलं शेवाळ दगडाएवढं जड झालं होतं.

"आणि तू कबूल केलंस."

"घोडी माझ्या रागाने मेली तर ती मला शिव्या देईल. दे म्हणावं. पण स्वतःच्या हाताने मेली, एसाच्या रायफलीने मेली, हे कळलं तर?" बेन्यातने पहिल्यांदा मान वर केली. "तू माझं नाव लिही. मला रस्ताही चालेल."

"तिला कळणार नाही असं तुला वाटतं?"

"कोण सांगणार? तू? हा?"

मागे काटकी मोडली. आम्ही तिघेही वळलो.

६

विली आत्या झाडाला हात लावून उभी होती.

"बार ऐकला मी," ती म्हणाली. "तंबूत बसले होते. दरी अजून थरथरतेय. आणि मग मला वाटलं, हा पहाटे मी ऐकला नाही. पहाटे मी एकच आवाज ऐकला, बारका." ती थोडी थांबली. "तो माझाच होता."

आयव्हरने पुंगळी मुठीत दडवली.

"पुंगळी दे, आयव्हर."

"विली, राहू दे."

"दे."

त्याने ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने करंगळी आत घातली, ती काढून जिभेला लावली, आणि मग टोपीच्या पट्ट्यातली काडी काढून तीही जिभेला लावली. दोन्हीची चव एकच असणार. तिने काडी परत खोचली नाही. हातात धरून ठेवली.

"मला वाटलं मी झऱ्याकडे आहे," ती म्हणाली. "मी घंटेची वाट बघत होते. नेहमी ती वाजली की मला कळतं, कुरण डावीकडे. आज वाजलीच नाही."

मी पुढे झालो. शेवाळ काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते दाबून पाहिलं, त्यातलं पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

"ऑर्व्ह?"

"काल संध्याकाळी. मी, आत्या. घंटेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा बाजूला, जिथून माझा आवाज आला तिथे. मला वाटलं, आता ती जा म्हणेल, आणि मी गेलो असतो.

"तुला कुठे माहीत होतं की मी घंटेने बघते," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलंच नाही ना. सांगितलं असतं तर तुम्ही मला रायफल दिली नसती." मग तिने मान वळवली. "बेन्यात. तू खोटं बोललास."

"हो."

"तीस वर्षांत पहिल्यांदा."

"दुसऱ्यांदा," बेन्यात म्हणाला. "तू एकदा कॉफी केली होतीस. मी चांगली झालीय म्हटलं होतं."

विली आत्या हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. बेन्यात उठला नाही, जवळ गेला नाही. त्याने फक्त एप्रनची दोरी सोडली, एप्रन काढला आणि तिच्या हाताला लागेल असा फांदीवर टाकला. तिने तो शोधला आणि त्यात तोंड लपवलं. त्या कापडाला पिठाचा, राखेचा आणि करपलेल्या पावाचा वास होता. टॅन्सीला आवडायचा तो.

आयव्हरने वही काढली. बराच वेळ पेन्सिल हुंगत बसला. मग एकच ओळ लिहिली आणि ती मला दाखवली: *घोडी, पांढरी, वय सत्तावीस. कारण: धुकं.*

"शेरीफ विचारेल," मी म्हणालो.

"मग त्याला धुक्याला अटक करायला वर पाठवीन."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ राखेच्या रंगाचं झालं. बर्फ यायच्या आत खाली उतरायचं होतं.

टॅन्सीला आम्ही कुरणात दगडांखाली ठेवलं होतं. नऊ खेचरं त्या दगडांभोवती उभी होती आणि ती हलेनात. ओझी लादली, तरी हलेनात. रॉइसने दोर ओढून पाहिला, मग ढकलून पाहिलं. डॉक्टरांनी साखर दाखवली. एका खेचराने साखर खाल्ली आणि परत दगडांकडे तोंड करून उभं राहिलं.

"विमान असतं तर," रॉइस घाम पुसत म्हणाला. आत्याकडे बघितलं आणि पुढचं बोलला नाही. मग दोर टाकून तो आत्याच्या घोडीच्या खोगिराचा पट्टा तपासायला लागला. असं काम त्याने न सांगता कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

विली आत्या तंबूतून आली. खांद्याला रायफल नव्हती; ती आयव्हरच्या खोगिराला बांधलेली होती. तिच्या हातात पोलादाची ती खोळ होती, बोटभर लांब, एसाच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तिने ती बेन्यातपुढे धरली.

"ही तुझ्या चमच्यांत ठेव. तुला कोंबडी मारता येत नाही, ते मला माहीत आहे. सोयाबीनच खायला घालशील आम्हाला."

"घेवडा," बेन्यात म्हणाला. "सोयाबीन मेंढ्याही खात नाहीत."

"घेवडा तर घेवडा. आणि ऑर्व्ह, घंटा आण."

मी घंटा आणली. शेवाळाचा एक कणही राहू नये म्हणून मी ती झऱ्यात तीनदा धुतली होती, आतून शर्टाने पुसली होती. आत्याने ती घेतली, कातड्याचा पट्टा चाचपून सरळ केला, आणि हात वर करून बेन्यातच्या डोक्यावरून त्याच्या गळ्यात घातला.

"मडक्याला तोंड घालायचं नाही," ती म्हणाली.

"बघू," बेन्यात म्हणाला.

तो चालायला लागला. एकाहत्तर वर्षांचे वाकडे पाय, गळ्यात घोडीची घंटा, पाठीला आंबवणाचं मडकं बांधलेलं. टण्. पहिल्या आवाजाला पुढच्या खेचराचा कान हलला. टण्. दुसऱ्याने मान वळवली. मग एकाने दगडांचा वास घेतला, शेवटचा, आणि पाऊल उचललं, आणि त्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने, आणि नऊ सावल्या उतरणीला लागल्या.

बर्फ सुरू झालं होतं. पुढचं काही दिसत नव्हतं, ना म्हातारा, ना वाट. फक्त आवाज होता. शेवटच्या खेचरामागे विली आत्या घोडीवर होती. तिने लगाम घोडीच्या मानेवर सोडून दिला होता आणि डोळे मिटले होते. वळण आलं की आवाज डावीकडे सरकायचा आणि तिचं तोंड डावीकडे व्हायचं, मग उजवीकडे. मी तिच्या शेजारून चालत होतो. माझे डोळे चांगले आहेत, पण थोड्या वेळाने मीही ते मिटले.